फर्स्ट एमबीबीएस, दोन विषयांत नापास, घरी अजून सांगितलं नाही

कापसाची_लेक:

नमस्कार सगळ्यांना. बरेच महिने इथलं नुसतं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदाच, थोडं मोठं होईल, सांभाळून घ्या.

मी मुंबईतल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजला फर्स्ट इयरला आहे. गाव जिंतूर तालुक्यात, परभणी जिल्हा. सातवीपर्यंत गावातली झेडपीची शाळा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग अकरावी-बारावी सायन्स आणि त्यानंतर एक वर्ष लातूरला राहून रिपीट. दुसऱ्या वेळच्या नीटला नंबर लागला. आमच्या गल्लीतून मेडिकलला गेलेली मी पहिलीच, बाबांनी उधारीवर पेढे आणून वाटले होते.

आणि आता पहिल्या इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या आतल्या परीक्षेला, ॲनाटॉमी (शरीररचना) आणि बायोकेमिस्ट्री दोन्हीत नापास झालेय. फिजिओलॉजी काठावर निघाली.

अभ्यास करत नाही असं नाहीये हो. सकाळी ८ ला लेक्चर, मग डीएचमध्ये (डिसेक्शन हॉल, जिथं मृतदेहावर शिकतो) दोन तास उभं, फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, मग प्रॅक्टिकल, रूमवर येईपर्यंत पाच वाजतात, जेवून बसलं की एक पान वाचायला पाऊण तास लागतो कारण प्रत्येक ओळीत चार शब्द अडतात आणि ते शोधेपर्यंत वाक्य कुठं सुरू झालं होतं तेच विसरते. मागचं संपत नाही तोवर पुढचं रीजन सुरू होतं. अप्पर लिंब (हात) झालं नव्हतं तेव्हा लोअर लिंब (पाय) सुरू झालं, आता थोरॅक्स (छाती) चालू आहे.

सगळ्यात जास्त वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, लागलं. टेबलवर स्कॅप्युला (खांद्यामागचं चपटं हाड) ठेवलेला, सरांनी उचलायला सांगितला आणि कुठल्या बाजूचा ते विचारलं. मला माहीत होतं उजव्या बाजूचा आहे. मी तो बरोबर माझ्या उजव्या खांद्यामागं धरला पण होता. पण 'का' म्हणून विचारल्यावर इंग्रजीत वाक्यच जुळेना, मराठीत सगळं डोक्यात होतं, काटा मागच्या बाजूला येतो, सांध्याची खोबण बाहेरच्या बाजूला येते, आणि तोंडातून फक्त "सर, बिकॉज... सर, बिकॉज" एवढंच. सर ओरडले वगैरे नाहीत, नुसतं "नेक्स्ट" म्हणाले. तो स्कॅप्युला हातातून खाली ठेवताना माझा हात थरथरत होता ते अजून आठवतं.

यात माझ्याबरोबरची माणसं फार चांगली आहेत, आणि त्यामुळेच जास्त त्रास होतोय, हे कसं सांगू कळत नाही. रूमी ठाण्याची आहे, पहिलीपासून इंग्लिश मीडियम. ती रोज रात्री स्वतःचा अभ्यास झाला की मला अर्धा तास वायवा घेते. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हचं, म्हणजे मज्जातंतूंचं, जाळं) माझ्या डोक्यात जाईना तर तिने माझ्या पाच रंगांच्या रिबिनी घेतल्या आणि पलंगाच्या दांडीला बांधून वेणीसारखं गुंफून दाखवलं, वरच्या दोन एकत्र, मधली एकटी, खालच्या दोन एकत्र, मग प्रत्येकीचे दोन फाटे, मागचे तिन्ही फाटे एकत्र. त्या रिबिनी अजून तशाच बांधलेल्या आहेत. एका सीनियर ताईने तिचा बोन सेट वर्षभरासाठी फुकट दिलाय. डीएचमधले मामा, म्हणजे तिथले कर्मचारी, गर्दी कमी झाल्यावर स्वतःहून मला टेबलजवळ बोलावून नर्व्ह दाखवतात. आणि आई दर पंधरा दिवसांनी देवगिरीने येणाऱ्या कुणाच्या तरी हातात पिशवी देते, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर, खारोड्या. दिवसभर कापूस वेचून रात्री हे करते ती. मागच्या पिशवीत धपाट्यांच्या खाली घडी करून ५०० ची नोट ठेवली होती.

एवढ्या लोकांनी एवढं करूनही मी नापास. घरी सांगितलंय की पेपर बरे गेले. बाबा दर रविवारी विचारतात रिझल्ट कधी आहे आणि मी म्हणते अजून लागला नाही. लागून बारा दिवस झालेत. फोन ठेवला की बाथरूममध्ये नळ चालू करून रडते म्हणजे रूमीला ऐकू जाऊ नये. आता तर तिने वायवा घेऊ का म्हटलं की मी झोप आली म्हणून सांगते, कारण तिचा अर्धा तास माझ्यावर वाया जातोय असं वाटतं.

जिवाचं काही करून घ्यावं असं मनात नाही, पण सगळं सोडून गावी निघून जावं असं रोज वाटतं. घरी सांगू का? कसं सांगू? आणि मराठी मीडियममधून येऊन यातून निघालेलं कुणी असेल तर कसं निघालात तेवढं सांगा.

---

इंटर्न_नाईटड्युटी:

ड्युटीवर आहे, मधे मधे लिहितोय, तुटक वाटेल.

मी सोलापूर साईडचा, मराठी मीडियम, फर्स्ट इयरच्या पहिल्या इंटर्नलला तीनपैकी तिन्हीत नापास. तिन्हीत. आता इंटर्नशिप चालू आहे. त्यामुळे तुला जे होतंय ते मला आतून माहीत आहे.

आधी नियमांचं सांगतो म्हणजे रात्रीची झोप तरी लागेल. एक इंटर्नल गेली म्हणजे वर्ष गेलं नाही. सगळ्या इंटर्नल्सचं थिअरी आणि प्रॅक्टिकल धरून ५० टक्के लागतात, अजून परीक्षा बाकी आहेत, कमी पडलेल्यांना सुधारायची संधी पण देतात, डिपार्टमेंटला जाऊन विचार. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत एखादा विषय राहिलाच तर सप्ली, म्हणजे पुरवणी परीक्षा, असते आणि सप्लीत निघालं की बॅच सुटत नाही. फर्स्ट एमबीबीएसला एकूण ४ अटेम्प्ट असतात. अटेंडन्स मात्र सोडू नको, थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८०, रडून झोपलीस आणि लेक्चर बुडालं असं दोन महिने झालं की खरा प्रॉब्लेम तिथं होतो. नापास होऊन परत उठलेले मी खूप बघितलेत, अटेंडन्समुळे अडकलेल्यांचे मात्र फार हाल होतात.

आता भाषेचं. हे मला कुणी पहिल्या वर्षी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ॲनाटॉमीतले निम्मे शब्द इंग्रजी नाहीतच, लॅटिन आणि ग्रीक आहेत. 'सार्टोरियस' हा शब्द कॉन्व्हेंटच्या पोरांनी पण तुझ्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलाय. सार्टर म्हणजे लॅटिनमध्ये शिंपी, जुने शिंपी मांडी घालून बसायचे आणि तशी मांडी घालायला तो स्नायू लागतो म्हणून सार्टोरियस. हे एकदा कळलं की आयुष्यात विसरत नाही. क्लॅव्हिकल म्हणजे छोटी किल्ली. मी एक शंभर पानी वही केली होती, डाव्या बाजूला शब्द, उजव्या बाजूला त्याचा मूळ अर्थ आपल्या मराठीत, सकाळी लेक्चरला जाताना पाच वाचायचे. दोन महिन्यांनी एका पानाला पाऊण तासाऐवजी पंधरा मिनिटं लागायला लागली.

इंग्रजी अडतं ते फक्त जोडणारं, "इट लाईज बिहाइंड", "इट इज सप्लाइड बाय", "आय विल होल्ड इट सच दॅट". अशी पंचवीस-तीस वाक्यं आहेत, सगळी वायवा त्याच्यावर निघते. ती पाठ कर, मोठ्याने, आरशासमोर नाही, हाड हातात धरून. तू स्कॅप्युला बरोबर बाजूला धरलास ना, मग ॲनाटॉमी तुला येते. येत नाही ते वाक्य. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि तू दोन्हीचं ओझं एकच समजून उचलतेयस.

मध्य प्रदेशात २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत काढली तेव्हा आमच्या हॉस्टेलवर रात्रभर वाद झाला होता. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की शब्द तेच राहू देत, समजून मात्र आपल्या भाषेत घ्यावं. मराठीत समजून घेण्यात कमीपणा काही नाही. वॉर्डात पेशंटला मराठीतच सांगायचंय आणि तिथं तू आमच्या बॅचच्या निम्म्या पोरांपेक्षा पुढं असशील, हे आज रात्री ड्युटीवर बसून सांगतोय.

आणि रूमीला झोप आली म्हणून सांगणं आजपासून बंद कर. तिचा अर्धा तास वाया जात नाहीये, दुसऱ्याला शिकवताना तिचं स्वतःचं रिव्हिजन होतं. मला शिकवणारा माझा पार्टनर ॲनाटॉमीत बॅचमध्ये दुसरा आला होता, आणि तो आजही म्हणतो की तुला समजावता समजावता मलाच पाठ झालं.

एक राहिलं. नळ चालू करून रडण्यापर्यंत आलंय तर कॉलेजच्या सायकियाट्री ओपीडीत एकदा बोलून ये, सीनियर म्हणून सांगतोय, आम्ही बरेच जण जाऊन आलोय. तिथं ओळखीचं कुणी दिसेल म्हणून नको वाटत असेल तर १४४१६ वर फोन कर, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, रात्री पण चालू असते आणि मराठीत बोलतात.

पेशंट आलाय, जातो.

---

सेमीवाली_नागपूर:

सेम टू सेम, फक्त माझी फिजिओ गेलीय आणि ॲनाटॉमी निघाली. वरची शंभर पानी वहीची आयडिया आजच सुरू करतेय. बायोकेमसाठी सांगते, सायकल (शरीरातल्या रासायनिक क्रियांची चक्रं) सगळ्या एकदम पाठ करू नको, रोज रात्री एकच सायकल कोऱ्या कागदावर न बघता काढायची आणि अडलं तिथं थांबून फक्त तेवढंच बघायचं. मी माझ्या दोन मैत्रिणींना रोज तो कागद फोटो काढून पाठवते, त्या लाल पेनाने चुका दाखवून परत पाठवतात. कुणीतरी वाट बघतंय म्हटलं की कंटाळा आला तरी होतो अभ्यास.

---

नाशिकचे_काका:

बाळा, मी डॉक्टर नाही, आमच्या घरात कुणीही नाही. बाप म्हणून लिहितोय.

माझा मुलगा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला गेला. तिथं गणिताचा तिसरा पेपर असतो, एम-थ्री म्हणतात, आधीचे दोन पेपर डिप्लोमावाल्यांनी केलेले नसतात आणि हा एकदम अंगावर येतो. त्यात त्याची केटी लागली, म्हणजे तो पेपर राहिला. त्याने ती आमच्यापासून सहा महिने लपवली. दिवाळीत घरी आला तर फराळाच्या ताटावरून उठून गेला, मित्रांचे फोन घेईना, आई काही बोलली की चिडायचा. आम्हाला वाटलं काही वाईट सवय लागली का, कुणी मुलगी आहे का, रात्र रात्र आम्ही दोघं कुजबुजत बसायचो. मी एकदा त्याच्या बॅगेची झडती पण घेतली, त्याची मला आजही लाज वाटते.

शेवटी त्याच्या मित्राने मला फोन केला, घाबरत घाबरत, काका त्याला रागावू नका पण असं असं आहे. मी स्कूटर काढली आणि थेट पुण्याला गेलो. रस्ताभर मला एवढंच वाटत होतं की अरे, एवढंच होतं. एका पेपरासाठी माझं पोरगं सहा महिने एकटं जेवत होतं.

केटीचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते याचं की त्याला वाटलं मला सांगता येणार नाही. तुझे बाबा दर रविवारी रिझल्ट विचारतात ना, ते मार्कांसाठी विचारत नसतात गं. आम्हा बापांना फोनवर दुसरं काय विचारायचं ते सुचत नाही. "जेवलीस का" आईने विचारून झालेलं असतं, मग आमच्या वाट्याला रिझल्टच उरतो.

सांग तू. फोनवर सांग, मेसेज नको करू. आणि आधी तू बारा दिवस खोटं बोललीस ते सांग, मग नापासाचं. पहिलं बोललीस की दुसरं आपोआप बोलशील.

---

आत्याची_भाची:

काकांचं वाचून डोळ्यात पाणी आलं, पण मी थोडं वेगळं सांगणार आहे. राग मानू नका.

सगळ्यांची घरं सारखी नसतात. मी नर्सिंगला होते तेव्हा एक विषय राहिला म्हणून घरी खरं सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केली. शिक्षण सुटता सुटता राहिलं. मला त्यातून बाहेर काढलं ते माझ्या आत्याने. तिला कळल्यावर ती एसटीने आमच्या घरी आली, ओसरीवर बसून वडिलांना म्हणाली, हिची फी आजपासून मी भरते, स्थळाचं नाव काढायचं नाही. आत्या स्वतः चौथी शिकलेली, अंगणवाडीत मदतनीस. आज मी जिल्हा रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि पहिल्या पगाराची साडी तिला नेली तर तिने ती दोन वर्षं नेसलीच नाही, कपाटात ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

तुझ्या पोस्टवरून तुझे आईबाबा तसे वाटत नाहीत, धपाट्याखाली नोट ठेवणारी आई रागवेल असं मला वाटत नाही. पण इथं तुझ्यासारखे वाचणारे बाकीचे पण असतील म्हणून लिहिलं. ज्यांच्या घरी सांगणं सोपं नाही त्यांनी आधी एक माणूस शोधा, आत्या, मामा, जुन्या शाळेतल्या बाई, वॉर्डन, कुणीही, जो घरच्यांसमोर तुमच्या बाजूने बसेल. त्याला बरोबर घेऊन मग सांगा.

आणि उपकाराचं ओझं म्हणतेस ना, मी पण ते खूप वर्षं वाहिलं. आत्याला एकदा म्हटलं, तुझं एवढं कसं फेडू. ती म्हणाली, फेडायला मी काय सावकार हाय का.

---

कापसाची_लेक:

सगळ्यांचे खूप खूप आभार, नऊ दिवसांनी येतेय, रोज वाचत होते पण सांगायला काहीतरी झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पहिलं रूमीला सांगितलं. तिला नळाचं सगळं माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. म्हणाली, मी बाहेर दाराला टेकून बसायचे तू बाहेर येईपर्यंत, आत यावं का नाही ते कळायचं नाही. मग आम्ही दोघी रडलो. आता वायवा परत सुरू आहे आणि इंटर्न दादांनी सांगितलेली वाक्यं तिने वेगळ्या कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीत. १४४१६ वर पण एकदा बोलले, वीस-पंचवीस मिनिटं, ताईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

मग रविवारी घरी फोन. काका, तुम्ही म्हणालात तसंच केलं, आधी खोटं बोलले ते सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मागं आमच्या म्हशीचा आवाज येत होता तेवढाच. मग म्हणाले, जेवलीस का. काका, तुमचं वाक्य आठवून मला तिथंच हुंदका आला. आईने फोन घेतला आणि म्हणाली, "मग काय झालं माय, पऱ्हाटीला बी एखाद्या साली बोंडअळी लागती, म्हणून काय पुढच्या साली पेरायचं सोडतो का आपण." बस, विषय संपला तिच्यासाठी. इतके दिवस मी कशाला घाबरत होते तेच कळेना.

पण एक गोष्ट झाली ती सांगायला आलेय खरं. बोलता बोलता आई म्हणाली, थांब जरा, फोन दुसऱ्या हातात घेते, या हाताला मुंग्या आल्या. मी सहज विचारलं कधीपासून. म्हणाली दोन वर्षं झाली, वेचणी सुरू झाली की वाढतं, रात्री झोपेतून उठवतं, मग उठून हात झटकते तेव्हा बरं वाटतं. मी पलंगावर बसलेले, समोर दांडीला रिबिनी. मी विचारलं कुठल्या बोटांना गं, तर म्हणाली अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन. मी विचारलं करंगळीला? म्हणाली नाही, करंगळीला काहीच नाही.

मीडियन नर्व्ह. मनगटात दबत असेल. करंगळी अल्नर नर्व्हची असते म्हणून ती सुटते. हे मला त्या पानावरचं आलं, ज्या प्रश्नात मला शून्य मार्क होते. दोन वर्षं ती त्याच हाताने कापूस वेचतेय, धपाटे थापतेय, पिशवी भरतेय, आणि आम्हा कुणाला बोलली नाही. मी तिला म्हटलं तू पण लपवलंस की. तर गप्प बसली आणि हसली.

मी काही डॉक्टर झाले नाही, माझं बरोबर असेलच असं नाही, म्हणून इंटर्न दादा, तुम्हाला विचारते, कुठल्या ओपीडीला आणू?

---

इंटर्न_नाईटड्युटी:

ऑर्थोला (हाडांच्या ओपीडीला) आण. तुझा अंदाज बरोबर वाटतोय पण न बघता मी पण नक्की सांगणार नाही, मानेमुळे पण मुंग्या येऊ शकतात, ते तपासतील. शुगर आणि थायरॉईड करायला सांगतील, त्या दोन्हींमुळे पण असं होतं. तोवर रात्री झोपताना मनगट सरळ राहील असा पट्टा मिळतो तो बांधायला सांग, हात उशाखाली दुमडून झोपू नको म्हणावं. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसतोय का ते व्हिडिओ कॉलवर बघ, दिसत असेल तर उशीर करू नका.

केस पेपर काढताना मला मेसेज कर, ओळखीचे रेसिडेंट कुठल्या दिवशी असतात ते बघून सांगतो. आणि हिस्ट्री (पेशंटला विचारून घेतात ती माहिती) तू घेतलीस तशीच घेतात. करंगळी विचारायचं आमच्यातले निम्मे जण विसरतात.

---

कापसाची_लेक:

व्हिडिओ कॉल केला, दोन्ही हात शेजारी शेजारी धरायला लावले. उजव्याचा थोडा सपाट वाटतोय. आई पुढच्या गुरुवारच्या देवगिरीने येतेय, बाबांनी तिकीट काढलं पण. वॉर्डन मॅडमनी दोन रात्रींची परवानगी दिली. रूमी म्हणतेय काकूंना माझा पलंग, मी खाली गादी टाकते, आणि धपाटे आणू नका म्हणून सांग, हाताला आराम द्या. आईला सांगितलं तर म्हणाली, बरं नाही आणत, आणि मग शेजारच्या काकूला हाक मारून विचारताना ऐकू आलं की बुधवारी पीठ मळून देशील का.